आज सर कसे आहेत?

दंतवैद्याच्या दवाखान्यात कृत्रिम दात बनवणाऱ्या लॅबचा मुलगा दिवसातून एकदा तरी येतोच. तो मापे घेऊन जातो, तयार झालेल्या कॅप, कवळ्या आणि ब्रिज (पडलेल्या दातांच्या जागी शेजारच्या दातांवर पक्के बसवायचे दात) आणून देतो, आणि एखादे काम बिघडले असेल तर ती बातमीही त्यालाच आणावी लागते. काही वर्षांपूर्वी एका दुपारी, लातूरच्या माझ्या दवाखान्यात आतल्या खोलीत मी हात धूत असताना, रिसेप्शनवरच्या ताईंचे फोनवरचे बोलणे कानावर आले. "आत्ता नको आणू तो ब्रिज. सकाळपासून तापलेलं आहे. चारनंतर ये, तोवर जेवण झालेलं असंल त्यांचं." एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला आणि पुन्हा अपॉइंटमेंटच्या वहीत मान घातली. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती आणि चेष्टाही नव्हती. बसस्थानकाच्या चौकशी खिडकीवरचा माणूस गाडी उशिरा आहे हे ज्या सुरात सांगतो, तोच तो सूर होता.

पुढे आडून आडून चौकशी केली तेव्हा कळले की लॅबचा मुलगा कुठलेही वादग्रस्त काम आणण्याआधी फोन करून "आज सर कसे आहेत?" असे विचारतो, आणि हा शिरस्ता बराच जुना आहे. साफसफाई करणाऱ्या आमच्या मावशी मी गाडीची किल्ली टेबलावर ठेवतो की टाकतो यावरून दिवसाचा अंदाज बांधत. माझ्या हाताखाली काम करणारा तरुण डॉक्टर एक्स-रेवरची शंका त्याच दिवशी विचारायची की दुसऱ्या दिवसापर्यंत थांबवायची, हे सहायक मुलीला विचारून ठरवत असे. (या सहायक मुलीला आम्ही सगळे 'सिस्टर' म्हणतो. ती नर्स नाही, पण छोट्या दवाखान्यांत हे नाव पडून गेले आहे.) थोडक्यात, माझ्या मनःस्थितीचा हवामान अंदाज देणारी एक व्यवस्था माझ्याच दवाखान्यात अनेक वर्षे बिनबोभाट चालू होती आणि तिच्याविषयी अनभिज्ञ असलेला माणूस मी एकटाच होतो. मला सर्वांत जास्त लागले ते वेगळेच. तो ब्रिज ज्या आजीबाईंचा होता त्या निलंग्याहून सकाळच्या एसटीने आल्या होत्या, आणि काम अजून आले नाही असे सांगून त्यांना दुपारी परत पाठवण्यात आले होते. ब्रिज तयार होता, तो माझ्या जेवणाची वाट पाहत होता.

आमच्या कामाविषयी लोकांची समजूत अशी असते की हे सावलीतले, बसून करायचे, सोपे काम आहे. "तुमचं बरंय डॉक्टर, एसीत बसून काम," हे वाक्य मी किती वेळा ऐकले असेल याची गणती नाही. प्रत्यक्षात दिवसाचे आठ-दहा तास मान खाली आणि किंचित एका बाजूला वळवून, खांदे उचललेल्या अवस्थेत, दुसऱ्याच्या तोंडातील दोन-अडीच इंचांच्या अंधारात नजर खिळवून काम करावे लागते. हातातील एअरोटर, म्हणजे दात कोरण्याचे यंत्र, मिनिटाला तीन ते चार लाख फेरे घेत असतो आणि त्याच्या टोकापासून रोग्याची जीभ, गाल आणि दाताची नस काही मिलिमीटर अंतरावर असते. मानेचे आणि कमरेचे दुखणे आमच्या व्यवसायात इतके सर्रास आहे की चार दंतवैद्य एकत्र आले की रोग्यांच्या आधी मणक्यांची चर्चा होते.

त्यात आमच्या भागाची स्वतःची भर आहे. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरीही तोंड न उघडणारे तरुण माझ्या खुर्चीवर रोज येतात. निरोगी माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटे उभी मावतात, हा आमचा साधा ठोकताळा आहे. सबम्यूकस फायब्रोसिस या गुटखा-सुपारीमुळे होणाऱ्या आजारात गालाच्या आतला पडदा ताठर होत जातो आणि तीन बोटांची जागा दोनवर, मग एकावर येते. अशा तोंडात शेवटच्या दाढेचे रूट कॅनॉल करणे म्हणजे अरुंद बोळात बैलगाडी वळवण्यासारखे आहे. शिवाय दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी कुटुंबे असतात, ज्यांना मुकादमाची गाडी निघण्याआधी तीन बैठकांचे काम एकाच बैठकीत हवे असते. आणि एप्रिल-मे आला की 'नीट'ची तयारी करणारी, घरापासून दूर खोली घेऊन राहिलेली मुले असतात. नेमकी याच वयात अक्कलदाढ उगवते आणि तिच्यावरची हिरडी परीक्षेच्या तोंडावरच सुजते. यांच्यापैकी कोणाचाही दोष नसतो. पण यांतील प्रत्येक जण डॉक्टरच्या अंगातून काहीतरी काढून नेतो, आणि संध्याकाळी सातला खुर्चीवर बसणाऱ्या रोग्याला सकाळी दहाचा डॉक्टर मिळत नाही.

हे सगळे डॉक्टरपुरते मर्यादित राहिले असते तर मी ते इथे लिहिले नसते. पण दातांचे काम चार हातांचे असते. सहायक माझ्या समोरच्या बाजूला सक्शन धरून उभी असते आणि तिचे डोके माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर असते. दोघांच्या तोंडावर मास्क असल्यामुळे तिला माझे डोळे दिसतात आणि श्वास ऐकू येतो. मी हात पुढे केला आणि हवे ते उपकरण त्यात आले नाही, तर पुढच्या दोन सेकंदांत मी काय करतो, हे तिच्या दृष्टीने त्या दवाखान्याचे संपूर्ण धोरण असते. मी न बोलता वाट पाहिली, शांतपणे नाव सांगितले, जिभेने 'च्च' केले किंवा ट्रेमधून स्वतःच हिसकून घेतले, यांपैकी जे घडेल त्यावर तिचा पुढचा तास ठरतो. ती बाहेर गेली की मावशींशी त्याच सुरात बोलते, मावशी लहान मुलाला घेऊन आलेल्या बाईला त्याच सुरात "चपला बाहेर काढा" म्हणतात, आणि खुर्चीवर बसण्याआधीच ते मूल रडू लागते. मग मी म्हणतो की आजकालची मुले फार हट्टी झाली आहेत.

मोठ्या रुग्णालयात एखादा वरिष्ठ डॉक्टर तापट असला तरी त्याच्या वर, खाली आणि शेजारी इतर माणसे असतात. आमच्यासारख्या दोन खुर्च्यांच्या दवाखान्यात मालक, उपचार करणारा, पगार देणारा आणि रजा मंजूर करणारा हा एकच माणूस असतो. त्याची मान दुखली की ती रजेच्या अर्जापर्यंत दुखते.

या संदर्भात २०१६ चा उन्हाळा मला विसरता येत नाही. लातूरला पाणी पुरवणारे मांजरा धरण कोरडे पडले होते, पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये शहरात जमावबंदी लागू करावी लागली होती, आणि १२ एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींमधून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला पोचली, तेव्हा देशभरातल्या वृत्तवाहिन्यांचे कॅमेरे आमच्या स्थानकावर होते. दंतवैद्याच्या दवाखान्याला किती पाणी लागते हे आम्हालाही तेव्हाच कळले. एअरोटरला थंड ठेवणारा फवारा, स्केलिंग (दातांवरचे कीटण काढणे), चूळ भरणे, थुंकण्याच्या भांड्यातली धार, हात धुणे, उपकरणे धुणे, फरशी पुसणे, हे सगळे मोजून करावे लागले. आम्ही भांड्याची धार बंद केली, चूळ भरायला मोजका अर्धा पेला दिला, आणि ज्यांचे काम थांबू शकत होते त्यांना पावसाळ्यानंतर यायला सांगितले. टँकरचे दर, रिकामे कॉम्प्लेक्स, घटलेले रोगी आणि न थांबणारा बँकेचा हप्ता, यांमुळे माझी झोप उडाली होती.

त्या दिवसांत मावशी दोन-तीनदा उशिरा आल्या. एकदा साडेदहा वाजून गेल्यावर त्या आत शिरत असताना मी बाहेर बसलेल्या रोग्यांसमोर म्हणालो, "वेळेचं काही बंधन आहे की नाही?" त्यांनी उत्तर दिले नाही. पदर खोचला आणि झाडू घेतला. त्यांच्या गल्लीत टँकर मध्यरात्रीनंतर केव्हाही येत असे आणि तो येईपर्यंत घागरींच्या रांगेत बसून राहावे लागे, हे मला पाऊस पडून गेल्यावर, जुलैमध्ये, दुसऱ्या कोणाकडून तरी कळले. मी त्या महिन्यांत दिवसभर पाण्याविषयीच बोलत होतो. प्रत्येक रोग्याला त्याच्या गावात टँकर येतो का, असे विचारत होतो. ज्या बाईने माझ्या दवाखान्याचे पाणी मोजून पुरवले तिला मात्र मी ते विचारले नव्हते. माफी मागायला मला आणखी बराच काळ लागला आणि मागितली तेव्हा त्यांना तो प्रसंग आठवत नसल्याचे त्यांनी सांगितले. ते खरे नव्हते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

तरीही मी तेव्हा बदललो असे म्हणणे खोटे ठरेल. बदल व्हायला त्याहून जवळचा धक्का लागला.

दोन वर्षांनंतरचा मे महिना होता. सकाळी एका हँडपीसला (हातात धरायच्या कोरणीला) उशीर झाला म्हणून मी सिस्टरला चांगलेच फैलावर घेतले होते. आमच्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे उपकरणे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, १२१ अंश सेल्सिअस तापमान आणि १५ पौंड दाब सलग १५ ते २० मिनिटे टिकावा लागतो. त्या दुपारी वीज मध्येच गेली, काही वेळाने आली, पुन्हा गेली. आतल्या उपकरणांच्या पाकिटांवरच्या पट्टीवर काळे पट्टे उमटले होते, पण ती पट्टी पाकीट तापले एवढेच सांगते. हवा तेवढा वेळ दाब टिकला की नाही, हे ती सांगत नाही. सिस्टरला हे माहीत होते, कारण मीच शिकवले होते. तिने ती पाकिटे कपाटात ठेवली. फेरी पुन्हा लावायची तर आणखी पाऊण तास उशीर, आणि उशीर म्हणजे सकाळचा प्रसंग पुन्हा.

संध्याकाळी खुर्चीवर औशाचे एक गृहस्थ होते. दाढ काढायची होती, भूल देऊन झाली होती, ओठ जड झाला होता. मी फोरसेप्ससाठी, म्हणजे दाढ काढायच्या चिमट्यासाठी, हात पुढे केला. तो हातात येईना. सिस्टरने पाकीट धरले होते, पण ती ते फाडत नव्हती. मी वर पाहिले तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होते. तेवढ्यात दारातून मावशी म्हणाल्या, "सर, ते सामान वापरू नका. दुपारी लाईट गेलती."

आदल्या दिवशीचा राखीव संच होता, त्याने दाढ निघाली, आणि रोग्याला काहीही झाले नाही. पण माझी पहिली प्रतिक्रिया काय होती, तेही सांगितले पाहिजे. "आधी सांगायला काय झालं होतं?" असे मी सर्वांसमोर मोठ्या आवाजात विचारले. म्हणजे ज्या कारणाने ती गप्प राहिली होती, ते कारण मी तिला तिथेच पुन्हा दाखवून दिले. दवाखाना बंद झाल्यावर, आवाज खाली आणून, मी तोच प्रश्न परत विचारला. ती म्हणाली, "धीर झाला नाही, सर." ऑटोक्लेव्ह नवा घेता येतो, इन्व्हर्टर मोठा बसवता येतो, दर आठवड्याला स्पोअर टेस्टही (ऑटोक्लेव्हमध्ये जंतू खरोखर मरतात का याची चाचणी) करता येते, आणि हे सगळे मी नंतर केले. या यंत्रांनी ओळखावा असा बिघाड मात्र त्या दिवशी त्या मुलीने आधीच ओळखला होता, आणि ती माहिती माझ्यापासून दोन फुटांवर सहा तास अडकून पडली होती.

त्याच सुमारास माझी स्वतःची एक दाढ दुखू लागली. थंड पाणी लागले की कळ येई आणि घास चावताना मध्येच चमक मारे. शेजारच्या जिल्ह्यातील एका वर्गमित्राने आरशात पाहिले, थोडा वेळ काही बोलला नाही, आणि मग म्हणाला, "रात्री दात खातोस का रे?" माझ्या मागच्या दाढांचे उंचवटे घासून सपाट झाले होते आणि एका दाढेला उभी चीर गेली होती. झोपेत दात खाण्याच्या या सवयीसाठी मी शेकडो रोग्यांना नाइट गार्ड (रात्री दातांवर घालायचे संरक्षक आवरण) बनवून दिले होते आणि प्रत्येकाला विचारले होते की कामाचा काही ताण आहे का. दातओठ खाणे हा वाक्प्रचार आपण रागासाठी वापरतो. मी दिवसा लोकांवर आणि रात्री दाढांवर तो शब्दशः अमलात आणत होतो. पत्नीला हे विचारले तेव्हा ती म्हणाली की गेली चार वर्षे तिला तो आवाज ऐकू येतो, पण सांगितले तर मी चिडेन असे तिला वाटले. म्हणजे हवामान खात्याची एक शाखा घरातही होती.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात 'बर्नआउट'ची व्याख्या दिली. शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी तुटलेपण किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे, या तीन गोष्टी तिच्यात येतात. संघटनेने त्याला आजार म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळल्या गेलेल्या दीर्घ ताणातून उद्भवणारी ती व्यावसायिक बाब आहे, असे म्हटले आहे. व्याख्या मला पटते, पण ती वाचताना मी एका ठिकाणी अडखळतो. हा ताण हाताळायचा कोणी? कारखान्यात त्याचे उत्तर व्यवस्थापन असे देता येते. माझ्या दवाखान्यात व्यवस्थापन मीच आहे, ताणाचे कारण बऱ्याच अंशी मीच आहे आणि त्याने वाकलेला माणूसही मीच. त्यामुळे 'डॉक्टरांनी स्वतःची काळजी घ्यावी' या उपदेशाचा मला थोडा राग येतो. आमच्या व्यवसायातील एका बैठकीत डॉक्टरांच्या मानसिक स्वास्थ्यावर व्याख्यान होते. ते रात्री साडेनऊला सुरू झाले, जेवण होईपर्यंत साडेअकरा वाजले, आणि सकाळी सगळ्यांची ओपीडी होती.

मी पुढे जे केले त्यात थोर काही नाही. रोग्यांची संख्या कमी केली. दिवसाला पंचवीस-तीस पाहत होतो, ते सोळा-सतरावर आणले, आणि दुपारी दीड ते अडीच दार खरोखर बंद केले. पहिले काही महिने उत्पन्न घटले, आणि दुसऱ्या खुर्चीच्या कर्जाचा हप्ता भरताना मला स्वतःच्या शहाणपणाविषयी शंका आली. नुकताच दवाखाना थाटलेल्या, डोक्यावर कर्ज असलेल्या मुलाला हा सल्ला मी देऊ शकत नाही, कारण मला तो पंधरा वर्षे काम केल्यावर परवडला. डोळ्यांवर लूप्स, म्हणजे भिंगांचा चष्मा, लावू लागलो, त्यामुळे मान सरळ राहिली. त्याचा माझ्या स्वभावावर झालेला परिणाम कुठल्याही प्रवचनापेक्षा जास्त आहे. पैशांची घासाघीस ताईंकडे सोपवली. पूर्वी रूट कॅनॉल करता करता मी सवलतीच्या वाटाघाटी करत असे आणि दोन्ही कामे वाईट करत असे. गच्चीवरची सामूहिक योगासने मात्र तीन आठवड्यांत बंद पडली, कारण सर्वांना त्यासाठी घरून अर्धा तास आधी निघावे लागत होते आणि नाही म्हणायची सोय कोणालाच नव्हती.

सर्वांत अवघड ठरला तो एक छोटा नियम. उपकरणाविषयी, औषधाविषयी किंवा दाताच्या क्रमांकाविषयी शंका आली तर कोणीही, कुठल्याही क्षणी "थांबा" म्हणायचे, आणि मी हात बाहेर काढायचा. कारण नंतर विचारायचे. नियम केल्यावर दोन महिने कोणीही तो शब्द उच्चारला नाही. पहिल्यांदा तो मावशींनी उच्चारला आणि तोही चुकीचा निघाला. त्यांना जे पाकीट जुने वाटले ते ताजेच होते. रोगी घाईत होता, मला आतून उकळी फुटली होती, आणि सगळे जण माझ्याकडे पाहत होते. मी पाकीट बदलून घेतले आणि बरे केलेत म्हणालो. मला ते बरे वाटले नव्हते. पण त्याच आठवड्यात सिस्टर दोनदा थांबा म्हणाली, आणि त्यांपैकी एकदा ती बरोबर होती. वरच्या डाव्या दाढेऐवजी मी तिच्या शेजारचीकडे वळलो होतो.

मी शांत माणूस झालेलो नाही. लग्नसराईत, मार्चअखेरीस आणि वीज खेळ करू लागली की माझा आवाज अजूनही चढतो, आणि नाइट गार्ड अजूनही उशाजवळच्या डबीत असतो. परवा दुपारी एकच्या सुमारास रोगी बाहेर गेल्यावर ताई आत आल्या आणि म्हणाल्या, "सर, तो पाच दातांचा ब्रिज पुन्हा बिघडलाय. लॅबवाला खाली उभा आहे. आत्ता बोलावू, का तुमचं जेवण झाल्यावर?"

मी क्षणभर विचार केला. मान आखडलेली होती आणि सकाळपासून दोन चहांवर होतो.

"त्याला वर बोलवा आणि सावलीत बसवा," मी म्हणालो. "पण मला जेवून येऊ द्या."